मॅनेज्ड केअरवरचा ५० वर्षांचा रिसर्च आणि सासूबाईंचा गुरुवारचा कागद

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, गेल्या महिन्यात घरातच प्रसंग आला म्हणून आज बसलेच लिहायला. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी डेटनला, म्हणजे ओहायोत, एका हॉस्पिटलमध्ये केस मॅनेजर आहे. नर्सिंग मिरजेला केलं, इकडे येऊन परत परीक्षा दिल्या, ११ वर्षं वॉर्डात काढली आणि आता ६ वर्षं हे काम. काम काय तर पेशंट हॉस्पिटलमधून निघाला की पुढे कुठे जाणार, घरी की रिहॅबला की स्किल्ड नर्सिंगला (हॉस्पिटलनंतर काही दिवस नर्स आणि थेरपी मिळते ते ठिकाण), ते बघायचं आणि त्याच्या इन्शुरन्सकडून प्रायर ऑथ, म्हणजे आधीची परवानगी, आणायची. अर्धा दिवस फोन कानाला लावून होल्डवर जातो.

सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. वय ७९. ऑपरेशन छान झालं, मग स्किल्ड नर्सिंगमध्ये हलवलं. तिथे १८ व्या दिवशी, गुरुवारी दुपारी साडेतीनला, एक मुलगी सहीसाठी कागद घेऊन आली की शनिवारी तुमचं कव्हरेज संपतंय. त्या दिवशीची थेरपिस्टची नोट मला पाठ आहे. वॉकर घेऊन ४० फूट, एका माणसाचा आधार लागतो, पायऱ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. आमच्या दारातच ३ पायऱ्या आहेत आणि झोपायची खोली वर, १४ पायऱ्या चढून. आईंनी सही केली, कारण त्यांना वाटलं घरी सोडतायत म्हणजे आपण बऱ्या झालो.

सही म्हणजे मान्य असं नसतं, कागद मिळाला एवढंच असतं. मला हे माहीत होतं कारण माझं पोट त्यावर आहे. शुक्रवारी सकाळी ९ ला कागदावरच्या नंबरवर फोन केला, अपील घातलं, थेरपीच्या नोट्स मागवून पाठवल्या, निकाल आमच्या बाजूने लागला आणि आईंना आणखी १३ दिवस मिळाले. घरी आल्या तेव्हा कठडा धरून त्या १४ पायऱ्या स्वतः चढल्या.

पण शेजारच्या खोलीत एक आजीबाई होत्या, ८० च्या पुढच्या, कोणी फारसं येत नसे. त्यांनाही त्याच दुपारी तसाच कागद आला होता. त्या गेल्या घरी. मी दोन पावलं चालून त्यांना सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, माझ्याच कागदात गुंतले होते. ते मनातून जात नाही.

तेव्हापासून मी रात्री बसून या विषयावरचा रिसर्च वाचतेय. मॅनेज्ड केअर म्हणजे थोडक्यात, इन्शुरन्स कंपनी फक्त बिलं भरत नाही, तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कशाला आधी परवानगी लागेल, किती दिवस राहायचं हेही बघते. एचएमओ (प्लॅनने ठरवलेल्याच डॉक्टर-हॉस्पिटलांत जायचं) त्यातलंच, पीपीओ त्याचं जरा ढिलं रूप, आणि आपल्या आईवडिलांचं मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (६५ नंतरच्या मेडिकेअर या सरकारी विम्याचं खाजगी कंपन्यांनी चालवलेलं रूप) पण त्यातलंच. प्रश्न साधा आहे, यात पैसे वाचतात का आणि वाचले तर माणसाच्या तब्येतीवर काय होतं.

आणि हे वाचताना कळलं की यातला सगळ्यात मोठा प्रयोग माझ्याच गावात झालाय! रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केला, जोसेफ न्यूहाउस प्रमुख. डेटन, सिअ‍ॅटल, मॅसॅच्युसेट्समधली दोन ठिकाणं आणि साउथ कॅरोलायनातली दोन. कुटुंबांना अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या प्लॅनमध्ये घातलं, कोणाला सगळं फुकट, कोणाला बिलाच्या २५ टक्के, कोणाला ५०, कोणाला ९५ टक्के स्वतः भरायचे, अर्थात उत्पन्नाच्या प्रमाणात वर एक मर्यादा होती त्यामुळे कोणी धुऊन निघणार नव्हतं. ३ किंवा ५ वर्षं ठेवलं. ज्यांना खिशातून द्यावे लागले ते डॉक्टरकडे कमी गेले, अ‍ॅडमिट कमी झाले, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत काही फरक दिसला नाही. हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल.

पण त्याच अभ्यासात पुढे दोन गोष्टी आहेत. एक, लोकांनी जे कमी केलं त्यात गरजेचं आणि बिनगरजेचं जवळजवळ सारखंच कमी झालं, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळलं. आणि दोन, ज्यांना ब्लड प्रेशर होतं आणि पैसे कमी होते अशांचं बीपी फुकट प्लॅनमध्ये जास्त आटोक्यात राहिलं, इतकं की हाय रिस्कवाल्यांचा मृत्यूचा अंदाजित धोका साधारण १० टक्क्यांनी कमी निघाला. हे सरासरीत दिसतच नाही, कारण बहुतेक लोक मुळात धडधाकट असतात. मला एवढंच म्हणायचंय की हा सगळा रिसर्च वाचताना सरासरीचं वाक्य संपलं की पुस्तक मिटू नका, पुढचं पान बघा.

तुमचे अनुभव लिहा.

सोलापुरीचादर

ताई, फार चांगला धागा. सासूबाई आता कशा आहेत? हा कागदाचा प्रकार मला अजिबात माहीत नव्हता, माझी आई पुढच्या वर्षी ६५ ची होतेय.

खाडीपार

कृष्णाकाठ ताई, कळकळ पोचली. पण मी दुसऱ्या बाजूनेही लिहितो कारण माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही २२ वर्षं कॅलिफोर्नियात कैसरमध्ये आहोत, तो शुद्ध एचएमओ, डॉक्टर, लॅब, फार्मसी, हॉस्पिटल सगळं एका छपराखाली. माझ्या वडिलांचं बीपी पुण्यात वर्षानुवर्षं १६० च्या खाली येत नव्हतं, इथे आल्यावर सहा महिन्यात आलं. आणि ते नशीब नव्हतं. नॉर्दर्न कॅलिफोर्नियात त्यांनी बीपीवाल्या सगळ्या पेशंटची एक यादी बनवली, कोणाचं आटोक्यात नाही ते शोधून काढायचे, दोन औषधं एकाच गोळीत दिली, आणि बीपी मोजायला असिस्टंटकडे जायचं तर को-पे (दर भेटीला खिशातून द्यायचे पैसे) नाही. २००१ मध्ये बीपी आटोक्यात असलेले साधारण ४४ टक्के होते, २००९ मध्ये ८० टक्के झाले. तेवढ्याच काळात देशभरातल्या प्लॅन्सचा आकडा ५५ वरून ६४ वर गेला. हे २०१३ मध्ये जामा या जर्नलमध्ये आलंय.

याची सुरुवात पण बघा. १९३३ मध्ये सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण डॉक्टरने मोहावी वाळवंटात, कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याच्या मजुरांसाठी छोटं हॉस्पिटल काढलं. कामावरच्या दुखापतीसाठी विमा कंपनी माणसामागे रोज ५ सेंट द्यायची आणि बाकीच्या आजारांसाठी मजुराकडून रोज ५ सेंट. पैसे आधीच हातात, मग पेशंट जितके कमी तितकं बरं. म्हणून हा डॉक्टर साइटवर फिरून फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घ्यायचा असं सांगतात. मला हे फार आवडतं. मॅनेज्ड केअरचं मूळ हे आहे, आजारी पडण्याआधीच खिळा ठोका.

कृष्णाकाठ

@सोलापुरीचादर, बऱ्या आहेत, कालपासून पोळ्या लाटायला उभ्या राहतायत, मी नको म्हणते.

@खाडीपार दादा, खिळ्याची गोष्ट माहीत नव्हती, मनापासून आवडली. आणि बीपीचं तुम्ही लिहिलंत ते सोळा आणे खरं आहे, माझा राग एचएमओ या शब्दावर नाहीच. पण बघा ना, तुमच्या उदाहरणात त्यांनी को-पे काढून टाकला आणि पेशंटला शोधत गेले. म्हणजे रँडने जे गरीब बीपीवाल्यांबद्दल सांगितलं तेच त्यांनी करून दाखवलं. पैसे आधी हातात आले की दोन गोष्टी करता येतात, खिळा ठोकायचा किंवा पायात खिळा घुसलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं. वर्षाअखेर ताळेबंदात दोन्ही सारखेच दिसतात.

पाटीपेन्सिल

मी हेल्थ इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करतेय (पाचवं वर्ष), त्यामुळे राहवलं नाही.

पहिली गोष्ट, या विषयातल्या अर्ध्याअधिक तुलना मुळातच कच्च्या असतात कारण कुठला प्लॅन घ्यायचा हे माणूस स्वतः ठरवतो. धडधाकट माणूस स्वस्त एचएमओ घेतो, ज्याचा कार्डिओलॉजिस्ट ठरलेला आहे तो महागाचा घेतो, मग एचएमओचा खर्च कमी दिसला तर तो काटकसरीने कमी झाला की मुळात पेशंटच बरे होते? म्हणून रँडचं मोल, तिथे सिअ‍ॅटलमध्ये काही लोकांना चिठ्ठीनेच ग्रुप हेल्थ नावाच्या एचएमओत घातलं होतं. खर्च जवळपास २८ टक्के कमी आला, मुख्यतः हॉस्पिटलमध्ये कमी अ‍ॅडमिट झाल्यामुळे. सरासरी तब्येत सारखी. पण १९८६ मध्ये वेअर आणि सहकाऱ्यांनी वेगळं काढून बघितलं तर जे गरीब आणि आधीच आजारी होते त्यांची अवस्था एचएमओत जास्त वाईट होती.

दुसरा अभ्यास ताईंच्या मुद्द्याला अगदी चिकटून आहे. मेडिकल आउटकम्स स्टडी, बोस्टन, शिकागो आणि लॉस एंजेलिस, २,२३५ पेशंट, सगळे जुन्या आजारांचे, बीपी, डायबिटीस, हार्ट, डिप्रेशन. १९८६ ते १९९० अशी ४ वर्षं पाठपुरावा, निकाल १९९६ मध्ये आला. सरासरी तब्येत एचएमओ आणि फी-फॉर-सर्व्हिस (जेवढे उपचार तेवढं बिल) दोन्हीकडे सारखीच. आता फक्त वयस्कर मेडिकेअरवाले घ्या. ज्यांची शारीरिक तब्येत खालावली असे एचएमओत ५४ टक्के, दुसरीकडे २८ टक्के. जवळजवळ दुप्पट! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत तक्ता बघितला होता.

(जाता जाता, आपण दवाखान्यात जो "जिना चढताना किती त्रास होतो, खूप, थोडा, अजिबात नाही" असा ३६ प्रश्नांचा फॉर्म भरतो, एसएफ-३६, तो याच अभ्यासातून आलाय.)

प्रामाणिकपणे हेही सांगते की त्यानंतर मिलर आणि लुफ्ट यांनी सगळे अभ्यास गोळा करून वेळोवेळी जे आढावे घेतले त्यात चित्र मिश्र आहे, काही ठिकाणी एचएमओ बरे, काही ठिकाणी वाईट. कॅन्सरचं स्क्रीनिंग, लसी वगैरेत मॅनेज्ड केअर बहुतेक वेळा पुढे असतं.

तिसरीघंटा

५४ आणि २८. बाप रे.

शनिवारवाड्यामागे

मी पुण्यात असतो, वाचतोय सगळं. इथे आता कॅशलेसमध्ये हेच चालू आहे की. मागच्या वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी, टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) मंजुरी आली, डिस्चार्ज सकाळी १० ला लिहिला आणि फायनल अप्रूव्हल रात्री ८ ला, तोवर बेडवर बसून, आणि त्या दिवसाचं रूम भाडं वर चढलं ते वेगळंच. आता इरडाने, म्हणजे विमा नियामकाने, २०२४ मध्ये सर्क्युलर काढलंय की कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची ३ तासात, उशीर झाला तर जादा खर्च कंपनीचा. म्हणजे आपल्याकडे पण अमेरिकेसारखं होणार का?

कृष्णाकाठ

@शनिवारवाड्यामागे, मंजुरीची वाट बघणं सारखंच, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडचा बहुतेक इन्शुरन्स अ‍ॅडमिट झालात तर पैसे देतो, रोजच्या गोळ्या, डॉक्टरची फी, शुगर तपासणी याचं त्याला देणंघेणं नसतं, तुमचं तुम्ही बघा. इथे वर्षभराची सगळी जबाबदारी एकाच प्लॅनकडे असते म्हणून बीपीची गोळी वेळेवर दिली तर पुढचा स्ट्रोकचा खर्च त्यांचाच वाचतो. भारतात त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे ईएसआय, पगारातून आधी पैसे कापायचे आणि मग दवाखाना, औषधं, हॉस्पिटल सगळं त्यातच. वडिलांना सांभाळा, स्टेंटनंतरच्या गोळ्या कोणी कितीही सांगितलं तरी कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

खाडीपार

पाटीपेन्सिल, हे आकडे १९८६ ते ९० चे. त्यानंतर केवढं बदललं. नव्वदच्या दशकात बाळंतिणीला २४ तासात घरी पाठवायला लागले म्हणून लोक खवळले, १९९६ मध्ये कायदा आला, साध्या बाळंतपणाला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास द्यायलाच हवेत. एनसीक्यूए ही प्लॅनचा दर्जा तपासणारी संस्था १९९० मध्ये निघाली, सगळ्या प्लॅनचं मोजमाप सुरू झालं. हार्ट अ‍ॅटॅकनंतर बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारं औषध) देतात का हे १९९६ पासून मोजलं, तेव्हा ६२ टक्क्यांना मिळायचं, दहा वर्षात ९६ वर गेलं, शेवटी सगळेच देतात म्हणून २००७ मध्ये तो निकष काढून टाकला. मोजायला लागलं की सुधारतं. ४० वर्षं जुन्या आकड्यावरून आजच्या प्लॅनला दोष देणं मला पटत नाही.

पाटीपेन्सिल

बीटा ब्लॉकरचं अगदी मान्य, ते खरंच मोठं यश आहे, त्यातून किती जीव वाचले असतील. पण "जुनं" म्हणून सोडता येत नाही दादा, कारण नवीन अभ्यासही त्याच दिशेला जातात.

न्यूयॉर्क सिटीत मेडिकेडवाल्यांनी (मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी विमा) स्वतः प्लॅन निवडला नाही तर सरकार त्यांना कुठल्या तरी एका प्लॅनमध्ये टाकायचं, योगायोगाने, म्हणजे आयतीच चिठ्ठी. जेरूसो, लेटन आणि वॉलेस यांनी तो डेटा घेतला. सगळ्यात कमी खर्चाच्या प्लॅनमध्ये पडलेल्या माणसावर, सगळ्यात जास्त खर्चाच्या प्लॅनपेक्षा किमान २५ टक्के कमी खर्च झाला. पेशंटच्या खिशातून जाणारे पैसे दोन्हीकडे सारखेच, म्हणजे हा फरक पूर्ण प्लॅनने केला. आणि कमी काय केलं? वायफळ टेस्टच नाही, स्वस्तातल्या अतिशय गरजेच्या गोष्टीही, आणि तब्येत आणि समाधान दोन्ही खालावलं. रँडमध्ये लोकांनी पैसे वाचवताना जे केलं तेच इथे कंपनीने केलं. गरजेचं कुठलं आणि वायफळ कुठलं हे बाहेरून छाटणाऱ्याला ओळखता येत नाही, मग तो पेशंट असो की कंपनी.

अजून एक. चंद्रा, फ्लॅक आणि ओबरमायर यांचा २०२१ चा पेपर, मेडिकेअरच्या औषधांवर. खिशातून जाणारे पैसे औषधामागे साधारण १० डॉलरने वाढले तर औषधं घेणं २३ टक्क्यांनी कमी झालं आणि त्या महिन्यातले मृत्यू ३३ टक्क्यांनी वाढले. १० डॉलर! आणि जास्त करून सोडली ती स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) आणि बीपीची औषधं, सोडू नयेत तीच.

खाडीपार

हा शेवटचा माहीत नव्हता. वाचतो. न्यूयॉर्कचा पण वाचतो, त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही आत्ता.

सोलापुरीचादर

एक व्यवहारी प्रश्न. आमच्या कंपनीचं ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत) चालू आहे. एक हाय डिडक्टिबलवाला प्लॅन (विमा सुरू होण्याआधी मोठी रक्कम स्वतः भरायची), प्रीमियम खूप कमी आणि एचएसएत (औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं) कंपनी थोडे पैसे टाकते, आणि दुसरा महागाचा पीपीओ. मला डायबिटीस, बायकोला दमा. ऑफिसात सगळे म्हणतात डोळे झाकून हाय डिडक्टिबल घे.

पाटीपेन्सिल

ऑफिसातल्या सगळ्यांना डायबिटीस आहे का?

मनापासून सांगते, नुसता प्रीमियम बघू नका. एका मोठ्या कंपनीने आपल्या हजारो चांगल्या पगाराच्या कर्मचाऱ्यांना फुकट प्लॅनमधून हाय डिडक्टिबलमध्ये हलवलं, त्यावर २०१७ चा अभ्यास आहे. खर्च १२ ते १४ टक्के खाली आला, पण कोणी स्वस्त डॉक्टर शोधला म्हणून नाही, नुसतं जाणं कमी केलं म्हणून. आणि सगळ्यात आजारी लोकांनीही कमी केलं, ज्यांना कळायला हवं होतं की वर्षाअखेर डिडक्टिबल पार होणारच आहे.

कृष्णाकाठ

@सोलापुरीचादर, एचआरला एकच प्रश्न विचार, मेलवर, तोंडी नको. २०१९ मध्ये आयआरएसने (इथलं कर खातं) परवानगी दिली की इन्सुलिन, शुगर मोजायचं मशीन, एचबीएवनसी (सरासरी शुगरची टेस्ट), स्टॅटिन, दम्याचा स्टेरॉइड इनहेलर, बीपी मोजायचं मशीन अशा काही गोष्टी डिडक्टिबलच्या आधीपासून प्लॅन देऊ शकतो, एचएसएला धक्का न लागता. देऊ शकतो, द्यायलाच हवं असं नाही. तुमचा प्लॅन देतो का ते विचार. देत असेल तर पुढचा हिशोब मांड. देत नसेल तर जानेवारीत बायकोचा इनहेलर पूर्ण किमतीला येईल, आणि मी वॉर्डात बघितलंय की जानेवारी फेब्रुवारीत माणसं इनहेलर पुरवून पुरवून वापरतात, दोनच्या जागी एक पफ, आणि मग रात्री २ ला इमर्जन्सीत येतात.

गुळपोळी

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. ताई प्लीज मदत करा. बाबा ७६ वर्षांचे, मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली, ह्यूस्टनला स्किल्ड नर्सिंगमध्ये आहेत, आज २४ वा दिवस. आज सोमवारी संध्याकाळी आईला तोच कागद दिला, बुधवारी कव्हरेज संपतंय. कारण लिहिलंय की अपेक्षित सुधारणा दिसत नाही. आई रडतेय. मी ऑस्टिनला, उद्या सकाळी निघतेय. सोशल वर्कर म्हणाली अपील करून फारसा उपयोग होत नाही.

कृष्णाकाठ

गुळपोळी, घाबरू नकोस, वेळ आहे. नीट वाच.

१. कागदावर क्यूआयओचा नंबर आहे. ती इन्शुरन्स कंपनी नाही, मेडिकेअरने नेमलेली स्वतंत्र संस्था आहे. उद्या, मंगळवारी, दुपारी १२ च्या आत फोन गेला पाहिजे. त्यासाठी ह्यूस्टनला पोचायची वाट बघू नकोस, घरूनच कर, आईला लाइनवर घे म्हणजे त्या तुला बोलायची परवानगी देतील. बाबांचा मेडिकेअर नंबर आणि कागद समोर ठेव.

२. केस नंबर घे, कोणाशी बोललीस, किती वाजता, सगळं लिहून ठेव.

३. नर्सिंगकडून थेरपीच्या नोट्स आणि कंपनीने बंद करायचं जे सविस्तर कारण दिलंय ते लेखी माग. बाबा आज काय करू शकतात आणि घरी काय करावं लागेल, एवढंच सांगायचं. बेडवरून खुर्चीत यायला किती माणसं लागतात, गिळताना खोकला येतो का. विशेषणं नकोत, आकडे सांग.

४. "सुधारणा दिसत नाही" हे एकटं कारण चालत नाही. २०१३ मध्ये जिमो केसची सेटलमेंट झाली त्यात मेडिकेअरने मान्य केलंय की आहे ती अवस्था टिकवायला किंवा आणखी ढासळू नये म्हणून कुशल हाताची गरज असेल तरी कव्हरेज आहे. जिमो हा शब्द फोनवर उच्चार. आणि २०२४ पासून अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनला मूळ मेडिकेअरपेक्षा कडक निकष लावता येत नाहीत.

आणि उपयोग होत नाही हे खरं नाही गं. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने २०१८ मध्ये रिपोर्ट दिला, २०१४ ते १६ या काळात या प्लॅन्सनी स्वतःच नाकारलेल्यापैकी जेवढ्यांवर अपील झालं त्यातले ७५ टक्के निर्णय त्यांनाच फिरवावे लागले. अपील करणारे होते १ टक्का. २०२२ मध्ये परत रिपोर्ट, नाकारलेल्या प्रायर ऑथपैकी १३ टक्के मेडिकेअरच्या नियमात बसत होत्या, म्हणजे मूळ मेडिकेअरमध्ये त्या मिळाल्या असत्या. २०२३ चा आकडा, प्रायर ऑथ नाकारली आणि अपील झालं अशातल्या ८० टक्क्यांच्या वर निर्णय बदलले, पण अपील झालं जेमतेम १२ टक्के वेळा. हे आकडे आधीच्या परवानगीचे आहेत, तुझा कागद चालू सेवा बंद करायचा, थोडं वेगळं. पण माझा ६ वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. गप्प बसतो त्याचं जातं.

मी उद्या सकाळी फोनजवळ आहे, इथे मेसेज टाक.

पाटीपेन्सिल

गुळपोळी, ताई सांगतायत ते शब्दशः कर.

बाकीच्यांसाठी, लोकांना वाटतं हे सगळं निदान सरकारचे पैसे वाचवायला चाललंय. तेही नाही. मेडपॅक ही काँग्रेसची सल्लागार संस्था, तिच्या २०२४ च्या अंदाजानुसार तेच पेशंट मूळ मेडिकेअरमध्ये असते तर जेवढा खर्च झाला असता त्यापेक्षा सरकार अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन्सना २२ टक्के जास्त देत होतं, वर्षाला ८३ अब्ज डॉलर. कारण दोन, एक तर तुलनेने बरे पेशंट तिकडे जातात आणि दुसरं म्हणजे पेशंट जितका आजारी दाखवू तितके पैसे जास्त, म्हणून एकेका पेशंटला जास्तीत जास्त निदानं लावून कागदावर आजारी करतात. निम्म्याहून जास्त मेडिकेअरवाले आता या प्लॅन्समध्ये आहेत. कागदावर आजारी आणि गुरुवारी घरी जाण्याइतके बरे, एकच माणूस.

खाडीपार

गुळपोळी, बाबांना लवकर बरं वाटो. ह्यूस्टनला माझा भाचा आहे, आईंना काही आणून द्यायचं असेल, जेवण वगैरे, तर मला मेसेज कर.

ताई, काल रात्री दोन्ही पेपर वाचले. मी माझ्या प्लॅनबद्दल जे लिहिलं ते खरंच आहे, पण ते माझ्या प्लॅनबद्दल आहे. माझ्या वडिलांच्या वेळी बीपीचा प्रश्न होता, स्ट्रोकनंतर नर्सिंगमध्ये काढायच्या दिवसांचा नव्हता.

गुळपोळी

११:२५ ला फोन लागला. ३५ मिनिटं राहिली होती. आई लाइनवर होती. केस नंबर मिळाला, तारीख वेळ लिहून ठेवली. जिमो म्हटलं तर पलीकडची बाई म्हणाली हो, नोंद करते. नोट्स मागितल्यात. आता गाडीत बसतेय.

कृष्णाकाठ

शाब्बास. गाडी सावकाश चालव. नोट्स देताना शेवटच्या ३ दिवसांच्या आहेत ना ते बघ, कधीकधी आठवड्यापूर्वीच्या पाठवतात.

सोलापुरीचादर

एचआरचं उत्तर आलं. इन्सुलिन आणि स्टॅटिन डिडक्टिबलच्या आधी देतात, इनहेलर नाही. पीपीओ घेतला.

गुळपोळी

काल संध्याकाळी क्यूआयओचा फोन आला. कव्हरेज चालू ठेवावं लागेल म्हणाले. ताई, काय लिहू, आईने तुमच्यासाठी अंबाबाईला नारळ बोललाय.

कृष्णाकाठ

डोळे भरून आले गं. आईंना माझा नमस्कार. एक लक्षात ठेव, काही दिवसांनी ते नवीन कागद परत देऊ शकतात, माझ्या पेशंटांना दोनदा तीनदा आलाय. आला की परत तेच, दुसऱ्या दिवशी १२ च्या आत. तोवर रोज थेरपीच्या वेळी कोणीतरी खोलीत बसा आणि काय केलं ते वहीत लिहा.

गुळपोळी

वही घेतली, आई लिहितेय. आज बाबा दोघांच्या ऐवजी एकाच्या आधाराने खुर्चीत बसले, ४ मिनिटं.

आणि ताई, बाबांच्या समोरच्या खोलीत एक आजी आहेत, त्यांना आज दुपारी कागद दिला. मुलगा ओरेगनला असतो म्हणे. मी त्यांच्या कागदावर नंबराभोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला उद्या १२ च्या आत असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मुलालाही फोन लावून दिला. उद्या ९ ला मी त्यांच्या खोलीत जाऊन बसणार आहे.

कृष्णाकाठ

९ ला जाशील तेव्हा त्यांचं मेडिकेअर कार्ड आधी पर्समधून काढून टेबलावर ठेवायला सांग, ऐनवेळी सापडत नाही.